छोटं मशीन, मोठं प्रदर्शन: नाशिकहून पहिल्यांदा स्टॉल लावणाऱ्यांसाठी

अंबड, सातपूर, सिन्नरच्या एमआयडीसीत बकेट, ऑगर (जमिनीत भोक पाडणारा स्क्रू), ब्रेकरचे (फोडणाऱ्या हातोड्याचे) ब्रॅकेट बनवता बनवता स्वतःचा मिनी लोडर काढणारे उद्योजक आता कमी नाहीत. मिनी एक्स्कॅव्हेटर, स्किड स्टिअर (जागच्या जागी वळणारा छोटा लोडर), छोटे रोलर विकणारे डीलरही वाढलेत. दोन-चार मशीन विकली गेली की कुणीतरी म्हणतंच, ‘यंदा एक्सकॉनला स्टॉल टाकू.’ एक्सकॉन म्हणजे बांधकाम यंत्रांचं मोठं प्रदर्शन. तिथून पुढे काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने सांगतो.

एक अडचण आधीच डोक्यात ठेवा. अशा प्रदर्शनात शेजारी पन्नास टनांचा एक्स्कॅव्हेटर उभा असतो, वर क्रेनचे बूम गेलेले असतात, आणि खाली तुमचं तीन टनांचं मशीन. येणारा-जाणारा मान वर करूनच चालतो. त्याची नजर खाली कशी आणायची, हाच सगळा प्रश्न. जागा निवडण्यापासून ब्रोशर छापण्यापर्यंतचे निर्णय याच प्रश्नाशी ताडून घ्या.

आधी प्रदर्शन ठरवा

आपल्याकडे मोठी प्रदर्शनं दोन. सीआयआयचं (भारतीय उद्योग महासंघाचं) एक्सकॉन बंगळुरूला तुमकूर रोडवरच्या बीआयईसी या प्रदर्शन केंद्रात भरतं. एरवी ते विषम वर्षांच्या डिसेंबरात असतं. कोविडमुळे २०२१ चं मात्र २०२२ च्या मे महिन्यात झालं. दुसरं बाउमा कोनएक्सपो इंडिया, ग्रेटर नोएडाच्या इंडिया एक्स्पो मार्टमध्ये. म्युनिकचं बाउमा आणि लास व्हेगासचं कोनएक्सपो दर तीन वर्षांनी भरतात. तिथे एकदा नुसतं बघायला जाऊन यावं, स्टॉलचा विचार नंतर.

नाशिककराला पहिल्या खेपेला एक्सकॉन सोयीचं पडतं. पुणे, कोल्हापूर, बेळगाव असा सरळ रस्ता आहे, आणि बीआयईसी शहराच्या अलीकडेच असल्याने ट्रकला बंगळुरूच्या गर्दीत शिरावं लागत नाही. शिवाय दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातला कंत्राटदार तिथे हमखास येतो. त्यातल्या बऱ्याच जणांशी मराठीतच बोलणं होतं.

पण त्याच्याही आधी घरच्या मैदानात एकदा उतरा. निमा या नाशिकच्या उद्योजक संघटनेचं औद्योगिक प्रदर्शन किंवा कृषिथॉन हे शेतीचं प्रदर्शन, दोन्ही चालतील. लोडरवाल्याला कृषिथॉन कशाला, असं वाटेल. पण कॉम्पॅक्ट लोडरचा जन्मच शेतावरचा आहे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खुराड्यातली घाण काढायला मशीन हवं होतं. खांबांमधून वळेल इतकं छोटं आणि माडीवर चढवता येईल इतकं हलकं. केलर बंधूंनी १९५७ मध्ये ते तीन चाकी बनवून दिलं. मेलरो कंपनीने १९५८ च्या मिनेसोटा स्टेट फेअरमध्ये ते आपल्या स्टॉलवर दाखवायला बोलावलं, लोकांनी इतकी विचारणा केली की कंपनीने ते बनवायचे हक्कच घेतले. पुढे त्याचं बॉबकॅट झालं. म्हणजे हे मशीन नावारूपाला आलं तेच जत्रेतल्या स्टॉलवरून. आपल्याकडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत दोन ओळींत साधारण आठ-दहा फूट जागा असते. त्यातून फिरून शेणखत ओढणारं मशीन बागायतदाराला हवंच आहे. कृषिथॉनमध्ये तो जे प्रश्न विचारेल, त्यातले निम्मे बंगळुरूलाही ऐकू येतील.

जागा घेताना

जागा दोन प्रकारची मिळते. तयार स्टॉल म्हणजे पार्टिशन, टेबल, खुर्च्या, दिवे. बहुतेक तीन बाय तीन मीटरचा. त्यात अटॅचमेंट (मशीनला लावायचं अवजार) मावते, मशीन नाही. दुसरी रिकामी जागा, जिथे आखून दिलेली फक्त जमीन मिळते आणि बाकी सगळं तुम्ही उभं करायचं. ती हॉलमध्ये घ्यायची की उघड्यावर, हे मात्र तुमच्या मशीनवर आहे. चालू मशीन दाखवायचं असेल तर उघड्यावरच घ्या. हॉलमध्ये इंजिन चालू करू देत नाहीत. टाकीत डिझेल अगदी तळापुरतंच ठेवावं लागतं आणि बॅटरीची वायर काढून ठेवावी लागते. बॅटरीवर चालणारा मिनी एक्स्कॅव्हेटर असला तरीही आयोजकांना लेखी विचारून ठेवा.

नकाशा हातात आला की सगळे मेन गेटजवळची जागा बघतात. ती महाग असते आणि तिथे बसतात मोठ्या कंपन्या. त्यांच्या सावलीत उभं राहण्यापेक्षा अटॅचमेंट, हायड्रॉलिक होज, टायर, अंडरकॅरेज (मशीनखालचा पट्ट्यांचा सांगाडा) विकणाऱ्यांच्या ओळीत कोपऱ्याची, दोन बाजू उघडी असलेली जागा घ्या. तिथे येतो तो मशीन वापरणारा माणूस.

खर्चाचा अंदाज बांधताना जागेच्या भाड्याची तिप्पट धरा. भाड्यावर जीएसटी, स्टॉलची उभारणी, वीज, ट्रक, हायड्रा (माल उचलणारी छोटी क्रेन), विमा, माणसांचं राहणं-खाणं, छपाई असं करत तो आकडा सहज गाठला जातो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या प्रोक्युअरमेंट अँड मार्केटिंग सपोर्ट योजनेतून जागेच्या भाड्याचा काही भाग परत मिळू शकतो. त्यासाठी अर्ज वेळेत जावा लागतो, म्हणून जागेचा ॲडव्हान्स भरण्याआधीच निमा किंवा आयमाच्या (अंबडच्या उद्योजकांच्या संघटनेच्या) कार्यालयात एक चक्कर मारा. असे अर्ज केलेला कुणी ना कुणी तिथे भेटतोच.

आयोजक प्रदर्शकांसाठी एक पुस्तिका देतात. कंटाळवाणी असते, पण पूर्ण वाचा. जमिनीवर चौरस मीटरला किती वजन चालतं, स्टॉलची उंची किती, मशीन आत आणायची तारीख कोणती, हे सगळं तिच्यात असतं. वीज आणि पासची मागणी तारीख उलटून गेल्यावर केली की जादा दर लागतो.

काय न्यायचं

एक मशीन आणि चार अटॅचमेंट. दोन मशीन नेली तर जागा भरते आणि माणूस उभा राहायला उरत नाही. तीन नेली तर ते गोडाऊन दिसतं. कॉम्पॅक्ट मशीनचा धंदा अटॅचमेंटवर आहे: बकेट काढून ऑगर लावला, ऑगर काढून ब्रेकर लावला, हे समोर करून दाखवलं की गिऱ्हाईक मनातल्या मनात हिशेब सुरू करतं. म्हणून क्विक कपलर (अटॅचमेंट अडकवायचा जोड) चकचकीत आणि झटकन लागणारा असू द्या. पिन बसेना म्हणून ऑपरेटर हातोडी शोधतोय, हे दृश्य प्रदर्शनात होता कामा नये.

आता नजर खाली आणण्याची गोष्ट. स्टॉलच्या तोंडाशी स्कॅफोल्डिंगच्या पाइपांची एक चौकट उभी करा. रुंदी अशी ठेवा, की त्यातून तुमचं मशीन जेमतेम जाईल. दीड ते दोन टनांच्या गटातल्या बऱ्याच मिनी एक्स्कॅव्हेटरचं अंडरकॅरेज आत ओढून एक मीटरच्या आत आणता येतं; तुमचं तसं असेल तर चौकट एक मीटरचीच करा. वर पाटी लावा: ‘गल्लीची रुंदी: १ मीटर’. येणारा आपोआप त्यातून चालून बघतो, खांदे आकसतो, मग मशीनकडे बघतो. जुन्या नाशकात भद्रकालीच्या किंवा दहीपुलाच्या बोळात ड्रेनेजची लाइन टाकताना मोठा बॅकहो लोडर कोपऱ्यावरच अडतो, आणि पुढचं काम मजुरांनी टिकाव-फावड्याने करावं लागतं. असा बोळ प्रत्येक जुन्या गावात आहे. हुबळीच्या कंत्राटदाराला दहीपूल माहीत नसेल, पण चौकट बघून त्याला त्याच्या गावातला बोळ आठवतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने आपल्याकडे अशा गल्ल्यांतली कामं निघालेली आहेत. तुमचं मशीन कुठे चाललं असेल तर मुकादमाची परवानगी घेऊन त्याचे फोटो काढून ठेवा. गुळगुळीत थ्रीडी चित्रांपेक्षा चिखलातला फोटो जास्त पटतो.

मशीनची तयारी

नवीन मशीन असलं तरी आधी पन्नासेक तास चालवून घ्या. सुरुवातीच्या गळत्या तेवढ्यात बाहेर येतात. ओ-रिंग, होजची टोकं, सिलिंडरचे सील तपासा. प्रदर्शनात मशीनखाली तेलाचा एक थेंब पडला तर तुमच्या ब्रोशरमधली सगळी वाक्यं फुकट जातात. मग धुऊन, ग्रीस पुसून, बकेटला पुन्हा रंग मारा. त्याच रंगाचा एक छोटा डबा आणि ब्रश सोबत घ्या, कारण ट्रकवरून उतरताना कुठेतरी ओरखडा पडतोच.

माहितीपत्रकावरचे आकडे खरे लिहा. स्किड स्टिअरची उचल लिहिताना टिपिंग लोड (ज्या वजनाला मशीन पुढे कलंडायला लागतं) आणि रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी (सुरक्षितपणे उचलायचं वजन) वेगवेगळी द्या. चाकांच्या स्किड स्टिअरला दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा धरतात. टिपिंग लोडच मोठ्या अक्षरात ‘उचलण्याची क्षमता’ म्हणून छापण्याची खोड काही जणांना आहे. जाणकार गिऱ्हाईक ते दोन मिनिटांत ओळखतं, आणि अजाण गिऱ्हाईक साइटवर मशीन पुढे कलंडवतं. ऑक्झिलरी हायड्रॉलिकचा (अटॅचमेंट चालवणाऱ्या तेलाचा) प्रवाह मिनिटाला किती लिटर, तेही लिहा; अटॅचमेंट विकणारा सगळ्यात आधी तेच विचारतो. चाकांचं मशीन असेल तर इंजिन कुठल्या उत्सर्जन टप्प्याचं (धुराच्या सरकारी मर्यादेचं) आहे तेही स्पष्ट हवं, कारण १ जानेवारी २०२५ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना पाचवा टप्पा लागू झाला आहे.

कागद आणि गाडी

प्रदर्शनासाठी माल पाठवणं ही विक्री नसते. म्हणून टॅक्स इनव्हॉइस न करता डिलिव्हरी चलान करा आणि ई-वे बिलात कारण निवडताना ‘एक्झिबिशन ऑर फेअर्स’ हाच पर्याय घ्या. चलानवर मशीनचा आणि इंजिनचा नंबर, प्रत्येक अटॅचमेंटचं नाव आणि किंमत लिहा. ‘इतर सुटे भाग’ असं मोघम लिहिलं की नाक्यावर चौकशी सुरू होते. साध्या मालाच्या ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. नाशिक ते बीआयईसी हजाराच्या पुढे जातं, म्हणजे सहा दिवस मिळतात. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आठ तास आधी किंवा संपल्यावर आठ तासांच्या आतच. परतीला वेगळं ई-वे बिल लागतं. लॅपटॉप आणि पासवर्ड असलेला माणूस शेवटच्या दिवशी जागेवर हवा.

तिथल्या तिथे मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याचा मोह टाळा. परराज्यात विक्री केली तर तिथली तात्पुरती जीएसटी नोंदणी करावी लागते. बुकिंग घ्या, बिल नाशिकहून करा. तरीही आधी तुमच्या सीएशी बोला.

गाडीचं म्हणाल तर तीन-चार टनांच्या मशीनला लो-बेड ट्रेलर लागत नाही. मोठ्या ट्रकमध्ये मावतं, पण चढवायला-उतरवायला रॅम्प लागतो. अंबडमध्ये रॅम्प सहज मिळतो. तिथे काय मिळेल हे आयोजकांनी नेमलेल्या हाताळणी एजन्सीला विचारा. बाहेरचा हायड्रा बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत, त्यांचाच घ्यावा लागतो आणि वेळ आधी ठरवावी लागते. बांधताना बकेट खाली टेकवलेली, पार्किंग ब्रेक लावलेला, एक्स्कॅव्हेटर असेल तर स्विंग लॉकची (वरचा भाग फिरू न देणारी) पिन बसवलेली, आणि साखळ्या मशीनच्या ठरवून दिलेल्या हुकांनाच. सिलिंडरला किंवा होजला वेढा घालून बांधणारे महाभाग आहेत, म्हणून बांधताना स्वतः उभे राहा. प्रवासाचा विमा वेगळा काढा. चाकणची कोंडी आणि घाटातली वळणं लक्षात घेऊन एक दिवस हाताशी ठेवा. आत घेताना अवजड मशीनला आधीची वेळ देतात, आणि ती चुकली की शेजाऱ्यांचे स्टॉल उभे राहिल्यावर तुमचं मशीन आत नेणं म्हणजे डोकेदुखी.

स्टॉलवर

चार माणसं पुरतात: एक मालक किंवा निर्णय घेणारा, एक सर्व्हिस इंजिनिअर, एक ऑपरेटर आणि एक तिथल्या भाषेत बोलणारा. बंगळुरूला कन्नड येणारा माणूस हवाच, तामिळ येत असेल तर दुधात साखर. राहायला पीन्या, नेलमंगला बाजू बरी. मेट्रोचं मादावरा स्टेशन बीआयईसीच्या लगतच आहे, त्यामुळे शहरात उतरलेला माणूसही वेळेवर पोहोचतो.

गिऱ्हाईक काय विचारतं, त्याची तालीम नाशकातच करून घ्या. स्टँडर्ड संवाद असा असतो:

‘शेठ, तासाला किती पिते?’

‘कामावर आहे. खोदाईला वेगळं, नुसतं उचलायला वेगळं.’

‘ते सगळेच सांगतात. आकडा सांगा.’

इथे आकडा यायला हवा, आणि तो तुमच्याच मशीनवर टाकी भरून मोजलेला हवा: मुरमात खोदताना किती, खडी उचलताना किती. पुढचा प्रश्न स्पेअरचा: ‘फिल्टर, टायर, पिन-बुश आमच्या गावात मिळेल का?’ त्याला उत्तर म्हणून झटपट झिजणाऱ्या भागांचा एक खोका टेबलावर उघडा ठेवा, प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी लावून. माझ्या मते स्टॉलवरची सगळ्यात उपयोगी वस्तू ही. मशीन बघून लोक ‘छान आहे’ म्हणतात. पिन-बुशची किंमत वाचून खुर्ची ओढून बसतात. तिसरा प्रश्न हप्त्याचा आणि चौथा जुनं मशीन विकताना काय येईल याचा. चौथ्याचं ठोस उत्तर नवीन ब्रँडकडे नसतं. थापा मारू नका. परत घेण्याची काही योजना असेल तर ती लेखी दाखवा.

व्हिजिटिंग कार्ड गोळा करून काचेच्या भांड्यात टाकणं बंद करा. प्रत्येक माणसामागे एक ओळ लिहा: काम कसलं, सध्या कुठलं मशीन, घ्यायचं कधी. संध्याकाळी स्टॉल बंद झाल्यावर चौघांनी बसून त्यांचे तीन गट करायचे. महिनाभरात घेणारा, वर्षभरात घेणारा, आणि उरलेले. उरलेल्यांत विद्यार्थी, स्पर्धक आणि पिशव्या गोळा करणारे असतात. त्यांच्याशीही नीट बोला, पण खुर्ची देऊ नका. भेट म्हणून किचेन वाटायची तर वाटा, नाशिकच्या मनुकांची छोटी पाकिटं जास्त लक्षात राहतात.

मशीन चालवून दाखवणार असाल तर

आपल्या लोकांना खोदाई बघायला फार आवडते. २०१९ मध्ये जेसीबीच्या खोदाईवरून सगळ्या देशाने विनोद केले होते. गर्दी जमणार, तेव्हा तयारी तशी करा. मशीनच्या पोहोचेच्या बाहेर चारही बाजूंनी पक्कं बॅरिकेड, नुसती दोरी नको. ऑपरेटरशिवाय एक माणूस खाली उभा, ज्याने हात वर केला की मशीन थांबलंच पाहिजे. स्किड स्टिअरची बकेट उचलणारा दांडा वर असताना त्याखालून कुणी जायचं नाही, स्वतःचा फिटरसुद्धा नाही. थांबलेल्या मशीनची बकेट जमिनीला टेकलेली आणि किल्ली खिशात. पोरंटोरं सीटवर बसायला येतात, आई-बापच फोटोसाठी बसवतात. किल्ली लावलेली राहिली तर काय होईल ते सांगायला नको.

डेमो छोटा ठेवा आणि वेळ पाटीवर लिहा. खड्डा खणून दाखवण्यापेक्षा मघाच्या चौकटीतून मशीन आत न्या, जागच्या जागी वळवा, बकेट बदलून ऑगर लावा, एक भोक पाडा, बाहेर या. चांगला ऑपरेटर हे दहा मिनिटांत करतो. त्याला नवा गणवेश, बूट, हेल्मेट द्या, आणि गिऱ्हाइकांशी बोलू द्या. मालकाच्या शब्दापेक्षा ऑपरेटरच्या शब्दावर लोकांचा भरवसा जास्त असतो, आणि कंत्राटदारासोबत त्याचा ऑपरेटर आला असेल तर मशीन घ्यायचं की नाही ते बऱ्याचदा तोच ठरवतो. त्याला सीटवर बसवा.

परत आल्यावर

शेवटच्या दिवशी दुपारनंतर आवराआवर करायची घाई सगळ्यांना होते. खरे गिऱ्हाईक बऱ्याचदा तेव्हाच परत येतात, सगळे स्टॉल फिरून भाव काढून झाल्यावर. बाहेर पडायची तुमच्या ट्रकची वेळ पाहून ठेवा आणि तोवर निदान मशीन आणि एक टेबल जागेवर राहू द्या.

पहिल्या गटातल्या लोकांना नाशिकला पोहोचण्याआधीच फोन गेला पाहिजे. कोटेशन व्हॉट्सॲपवर, आणि त्यात त्यांनी विचारलेलीच अटॅचमेंट. सगळा कॅटलॉग ओतू नका. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची तीन-चार नावं असतील तर परतीच्या ट्रकचा मार्ग त्यांच्या साइटवरून आखता येतो. चलानवर तो उल्लेख कसा करायचा ते सीएला आधी विचारून घ्या, रॅम्पची सोय त्यांच्याकडे आहे का ते फोनवर विचारा, आणि ऑपरेटरला ट्रकसोबतच ठेवा. दुसऱ्या गटाला महिन्याने फोन, आणि त्यांच्या भागात कुणी मशीन घेतलं तर लगेच. ‘तुमच्या शेजारच्या तालुक्यात चालू आहे, बघून या’ एवढं सांगितलं की बहुतेक जण गाडी काढतातच.